तिसरा प्रश्न

टेलरबाईंनी कपाळावर दाबून धरलेला अस्तराचा तुकडा उचलून पाहिला. रक्त अजून थांबलं नव्हतं. त्यांनी घडी उलटी केली, तुकडा पुन्हा दाबला आणि दुसऱ्या हाताने फॉर्म पुढे भरायला घेतला. नाव, वय, कशाची अ‍ॅलर्जी, सगळं पटापट झालं. गोळ्यांच्या पट्ट्याच त्यांनी निघताना पिशवीत टाकल्या होत्या, त्यामुळे औषधांची नावंही बघून उतरवता आली. 'सोबत आलेली व्यक्ती' या ओळीपाशी मात्र पेन थांबलं.

खिडकीमागच्या कारकुनाने मान वर केली.

“सोबत कोण आहे?”

“भाचा. गाडी लावतोय,” टेलरबाई म्हणाल्या आणि तेच लिहून दिलं.

भाचा होता, तेवढी काही थाप नव्हती. बहीण गेल्यावर टेलरबाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. फक्त तो विसाव्या वर्षी परदेशी गेला आणि शेवटचा येऊन गेला त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. टेलरबाई आल्या होत्या टॅक्सीने, एकट्या. वरच्या फळीवरून रिळांचा डबा काढताना स्टूल कलंडलं आणि मशीनचा कोपरा कपाळात घुसला. डोक्याला लागलेल्या माणसाला एकटं घरी सोडत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, कारण मागे शेजारणीला असंच अडकवून ठेवलं होतं. चार टाके घालून घ्यावेत, घरी जावं आणि आपल्या पलंगावर पाठ टेकावी, यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं.

या तातडीच्या उपचार केंद्रात नंबराने बोलावत नसत, दुखण्याने बोलावत. भिंतीवर तसं ठळक लिहिलंच होतं. तरी घोटा सुजलेला एक माणूस, मागून आलेल्या धापा टाकणाऱ्या बाळाला आत नेलं म्हणून कुरकुरत होता. टेलरबाईंना त्याचं हसू आलं. दुकानात त्यांनीही हेच केलं होतं. जो रडकुंडीला येऊन उभा राहील त्याचा कपडा आधी, आणि जो 'सावकाश द्या' म्हणेल त्याचा गठ्ठ्याच्या तळाशी. भाच्याला त्या फोनवर नेहमी हेच सांगत, सावकाश ये, घाई नाही. पोराने शब्द पाळला होता.

अर्ध्या तासाने त्यांना आत बोलावलं. नर्सने जखम धुतली. तरण्याताठ्या डॉक्टरीणबाई टाके घालायला बसल्या.

“जरा जवळजवळ घाला हो,” टेलरबाई म्हणाल्या. “लांब टाका पुढे उसवतो.”

“तुम्ही शिवता का?”

“चाळीस वर्षं.”

“मग माझी आज परीक्षाच आहे,” डॉक्टर म्हणाल्या आणि खरोखर जवळजवळ टाके घातले.

टाके झाल्यावर नर्सने एक कागद पुढे ओढला.

“मावशी, आता तीन प्रश्न. डोक्याला मार आहे ना, म्हणून हेच दर तासाला विचारणार. उत्तरं बदलली की आम्ही काळजीत पडतो. तुमचं नाव?”

टेलरबाईंनी आडनावासकट सांगितलं.

“वार?”

“गुरुवार.”

“सोबत कोण आलंय?”

“भाचा. औषधाच्या दुकानात गेलाय.”

नर्सने फॉर्म बघितला, मग टेलरबाईंकडे बघितलं. “त्यांना बोलावते. रात्री तुम्हाला दोनदा उठवायचं, उलटी झाली तर काय करायचं, सगळं समजावून द्यावं लागेल. दिसतात कसे?”

इथे टेलरबाईंनी खरं म्हणजे उंच, सावळा, चष्मा असं काहीतरी सांगायचं. पण चाळीस वर्षांत माणूस म्हटलं की त्यांच्या डोक्यात आधी टेप उलगडायची.

“छाती चौतीस,” त्या म्हणाल्या. “बाही तेवीस. उजवा खांदा अर्धा इंच उतरता.”

“आणि वय?”

“चव्वेचाळीस.”

नर्स गेली ती पाच मिनिटांनी परत आली. पडद्याआड ती डॉक्टरांशी हळू बोलत होती, पण मशीनच्या खडखडाटातून गिऱ्हाईक ओळखणाऱ्या कानांना ते सगळं ऐकू आलं. खिडकीवर सांगितलं गाडी लावतोय, आत सांगितलं दुकानात गेलाय. बाहेर तर कोणीच नाही. वर्णन विचारलं तर आकडे सांगतात, आणि तेही कॉलेजातल्या पोराचे.

“घोळ दिसतोय,” डॉक्टर म्हणाल्या. “मोठ्या रुग्णालयात पाठवू. आत्ताच स्कॅन होऊ दे. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन कर.”

टेलरबाई छताकडे बघत पडून राहिल्या. चौतीस छाती. ते माप त्यांनी विसाव्या वर्षी तो जायच्या आदल्या दिवशी घेतलं होतं. मधल्या वर्षांत त्याचं पोट सुटलं असेल, खांदे भरले असतील. टेप लावल्याशिवाय त्यांना कळणार कसं? आणि तरी दर वर्षी त्या त्याच मापाचा एक शर्ट शिवून कपाटात ठेवत आल्या होत्या.

घरी जाता यावं म्हणून मारलेली थाप आता त्यांना भलतीकडेच घेऊन निघाली होती. एक क्षण वाटलं, जाऊ दे. डोकं बिघडलं म्हणवून घेणं त्यातल्या त्यात सोपं. बिघडलेल्या डोक्याच्या बाईला कोणी काही विचारत नाही. पण कागदावर एकदा तसं लिहिलं गेलं की कात्री कोण हातात घेऊ देणार? शंभर-दीडशे माणसांची मापं त्यांना तोंडपाठ होती. सगळं जगणं त्या डोक्यावर चाललं होतं.

त्या कोपरावर रेलून उठल्या.

“डॉक्टर, जरा आत या. फोन करू नका.”

डॉक्टर आल्या, मागोमाग नर्स.

“माझं डोकं ठीक आहे,” टेलरबाई म्हणाल्या. “मी खोटं बोलले. गाडी नाही, दुकान नाही. भाचा परदेशात असतो.”

त्यांनी अंगावरची चादर गुडघ्यांवर नीट ओढून घेतली, तिची किनार दोन बोटांनी सरळ केली. डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कागद घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“नाव?”

टेलरबाईंनी सांगितलं.

“वार?”

“गुरुवार.”

“सोबत कोण आलंय?”

“कोणी नाही.”

डॉक्टरांनी तीन चौकटींत तीन खुणा केल्या. “तिन्ही उत्तरं अचूक,” त्या म्हणाल्या. “स्कॅनची घाई नाही.”

उत्तर अचूक आल्याचं इतकं वाईट टेलरबाईंना शाळेतही कधी वाटलं नव्हतं.

घरी मात्र सोडलं नाहीच. केंद्र आठला बंद व्हायचं, तोवर इथल्या खाटेवर नजरेखाली राहायचं, आणि रात्रीपुरती मोठ्या रुग्णालयात एक खाट मिळेल, असं ठरलं. भाच्याला कळवू का, असं नर्सने विचारलं. तिकडे आता तो झोपलेला असेल, टेलरबाई म्हणाल्या.

चार वाजता नर्स आली. नाव, वार. तिसऱ्या प्रश्नाला टेलरबाईंना आधी पाणी प्यावं लागलं. पाच वाजता पुन्हा तेच, पण या वेळी पाणी लागलं नाही. कंबर तीस म्हणावं तसं त्या 'कोणी नाही' म्हणाल्या, आणि नर्सने खूण केली. मधल्या वेळात घोटा सुजलेला माणूस बायकोच्या खांद्यावर हात टाकून लंगडत बाहेर गेला. दोघं भांडत होती. टेलरबाई पडद्याच्या फटीतून त्यांना दारापर्यंत बघत राहिल्या.

सहाला नर्सची पावलं ऐकू आली तेव्हा त्या आधीच उठून बसल्या होत्या. केस सारखे केले होते.

“नाव सांगा, मावशी.”

त्यांनी सांगितलं.

“वार?”

“गुरुवारच. अजून तोच चाललाय.”

नर्स हसली. तिने कागदावर तिन्ही खुणा एकदमच करून टाकल्या आणि पेन खिशाला लावलं.

“तिसरा राहिला,” टेलरबाई म्हणाल्या.

“राहू दे की. आता कशाला तेच तेच?”

“विचार गं. मला येतं त्याचं उत्तर.”

नर्स जायला निघाली होती. तिने पायाने स्टूल ओढलं, खाटेशेजारी बसली, आणि मग विचारलं.