भंडाऱ्याची विहीर

"येळकोट येळकोट!" विहिरीभोवती अख्खं गाव लोटलं होतं. बिराप्पा महाराजांनी पोहऱ्यातलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, बाटलीतल्या 'तीर्था'चे पाच थेंब टाकले, आणि पाणी पिवळं झालं.

"भंडारा! खंडोबा हिरीत उतरला! आता सरकारी पावडर टाकाल तर देवाला विटाळ हुईल!"

बहात्तरचा दुष्काळ. वाशीजवळच्या आमच्या गावात पाणी उरलेली ही एकच विहीर, तीही तळ गाठलेली. तिच्यात रोज जंतुनाशक पावडर टाकणारा आरोग्यसेवक मी, गावाच्या तोंडी 'डाक्टर'. त्या सकाळीही टाकली होती. पावडर पुरेशी पडली का हे बघायला माझ्याकडे एक औषध असे. पाच थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की प्यायला हरकत नाही. ती बाटली कालपासून सापडत नव्हती. आता महाराजांच्या हातात दिसली आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तिचा उपयोग मी एकालाच शिकवला होता. श्रीपती, सोसायटीचा सचिव, माझा जिवाचा दोस्त. महाराज त्याचा मेहुणा!

"अरे, बाटली माझी हाय ती!" मी ओरडलो.

श्रीपतीच आडवा आला. "डाक्टर, देवाच्या कामात खोडा घालू नगा तुमी."

एका ताटात जेवलेला माणूस मला चारचौघांत 'तुमी' म्हणत होता. बाटली मेहुण्याला यानंच दिली, हे तिथंच मला कळून चुकलं.

आठ दिवस मला विहिरीजवळ फिरकू दिलं नाही. नवव्या दिवशी घरोघर उलट्या-जुलाब. रोज विहिरीवर पाणी भरणाऱ्या पुतळाबाईंची पोटुशी सून सत्यभामा बैलगाडीत घालून वाशीच्या दवाखान्यात न्यावी लागली. घाबरलेलं गाव पुन्हा विहिरीवर जमलं. महाराजांनी थेंब टाकले. पाणी होतं तसंच.

"देव रुसला! गावात कुणीतरी पाप केलंय!"

"थांबा, देव परत आणतो," म्हणत मी त्याच पेल्यात चिमटीभर पावडर ढवळली. "टाका तीर्थ."

महाराज चुळबुळले. पुतळाबाईंनी बाटली हिसकावून स्वतः थेंब मोजले. पाणी पिवळं!

"पावडर असली की पिवळं, नसली की न्हाय," मी म्हणालो. "आठ दिवस पावडर न्हाय, म्हणून जंतू माजले. एवढाच तुमचा खंडोबा."

महाराजांनी केव्हाच पोबारा केला होता. मी श्रीपतीला धरलं. "बाटली न्यायच्या आधी मला इचारायचं तरी!"

"मेव्हण्याचं बस्तान बसवायचं हुतं. तू न्हाय म्हणला असतास."

"व्हय, म्हणलो असतो!" माझा आवाज फाटला.

पुतळाबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. "डाक्टर, पाणी रोज आमी बाया भरताव. सचिवाला शिकीवलंत, आमाला का न्हाय दावलं?"

बाटली मी त्यांच्याच हातात राहू दिली. सत्यभामा वाचली, पोटातलं गेलं.

तेव्हापासून पाण्याची परीक्षा रोज सकाळी बायाच करतात, सगळ्यांदेखत. बाबांनो, उद्या कुणी तुम्हाला पाण्यात देव दाखवला, तर हात जोडायच्या आधी बाटलीत काय आहे ते विचारा. आणि थेंब स्वतःच्या हातानं टाका.