हद्दीबाहेरचा साक्षीदार

सत्यजितने समन्स हातात घेतलंच नव्हतं. शिकागोजवळ शॉमबर्गच्या घरी आलेल्या माणसाने ते त्याच्या पायाशी ठेवलं, फोटो काढला आणि तो निघून गेला.

"हात लावू नका, सत्यजितराव," सासरे म्हणाले. राजारामकाका साताऱ्याच्या कोर्टात एकतीस वर्षं बेलिफ होते. लोक समन्स कसं चुकवतात हे त्यांनी जन्मभर दाराबाहेरून पाहिलं होतं. आतून पाहायची ही पहिलीच संधी. "सही नाही म्हणजे बजावणी नाही. आणि कोर्ट कॅलिफोर्नियाचं. आपण इलिनॉयमध्ये. त्याची हद्दच नाही इथं."

सत्यजितला हे पटलं, कारण पटणं सोयीचं होतं. कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला, त्याच्या जुन्या कंपनीतल्या सुचित्राने केस केली होती. बॉस रवी मीटिंगमध्ये तिच्या जातीवरून बोलला आणि आठवड्याभरात तिला प्रोजेक्टवरून काढलं, असं तिचं म्हणणं. त्या मीटिंगला तिसरा माणूस एकच होता, सत्यजित. आणि त्याच्या ग्रीनकार्डच्या फायलीला लागणारं अनुभवपत्र रवीच देणार होता.

खटल्याआधीची ही साक्ष शिकागोतल्या एका वकिलाच्या ऑफिसात व्हायची होती. तिथे सगळे दोन तास थांबले. सत्यजितने सिक लीव्ह टाकली आणि घरी बसून खरोखरच आजारी पडला.

दीड महिन्याने तो शिकागोच्या फेडरल कोर्टात उभा होता. कोर्टाचा अवमान केला असं का धरू नये, एवढंच सांगायचं होतं. दाराशी मार्शल, पट्ट्याला बेड्या.

"समन्स कॅलिफोर्नियाच्या कोर्टाचं आहे," त्याची वकील मोनाली म्हणाली. हा मुद्दा तिने अशिलाच्या हट्टापायी घेतला होता. "अवमान झालाच असेल, तर त्या कोर्टाचा."

जज्जबाईंनी चष्मा काढला. "समन्स तिथून निघालं. हजर व्हायचं होतं इथे शिकागोत, आणि आला नाहीत तेही इथेच. म्हणून प्रकरण माझ्याकडे. तुमच्या अशिलाची संमती असेल तर तिकडे पाठवण्याचा विचार करते. पाठवू?"

"हो म्हणू नकोस यार," मोनाली कुजबुजली. "तिथले जज्ज तुझ्यामुळे दोनदा तारीख बदलून बसलेत."

सत्यजितने मान हलवली. नको.

"मग आज दोन वाजता, याच इमारतीत साक्ष द्या. अवमानाचं मी सोडून देते. नाहीतर द्याल तोवर मार्शलसाहेबांकडे मुक्काम."

मागच्या बाकावर काकांनी मुलीला ढोसलं. "काय म्हणतायत?"

"हद्द इथलीच आहे, बाबा."

"बजावणीचं विचार की!"

"फोटो आहे, बाबा. तुम्हीही आहात त्यात."



जेवणाच्या सुट्टीत रवीचा मेसेज आला: 'लेटर रेडी आहे. संध्याकाळी साइन करतो. ऑल द बेस्ट!' सत्यजितने तो तीनदा वाचला. सँडविच तसंच राहिलं.

दोन वाजता स्क्रीनवर एका चौकटीत सुचित्रा होती, दुसरीत रवी. रवीने हसून हात हलवला. सुचित्रा फक्त पाहत होती. सत्यजितने शपथ घेतली.

"त्या मीटिंगमध्ये रवी काय म्हणाले?" सुचित्राच्या वकिलाने विचारलं.

सत्यजित पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवायला त्याने जरा जास्तच वेळ लावला.

"म्हणाले, 'सुचित्रा, इथे कोटा नाही. इथे काम करावं लागतं.'"

रवीच्या चौकटीत आता हसू नव्हतं.

"त्यावर सुचित्रा?"

"काही बोलल्या नाहीत."

"आणि तुम्ही?"

हा प्रश्न येईल असं काकांनी सांगितलं नव्हतं. मोनालीनेही नाही.

"हसलो," सत्यजित म्हणाला.

शब्दन् शब्द टिपून घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. "सर, जरा मोठ्याने बोला."