धाऊकाकांचं चौकोनी भांडं

शेणवे गावच्या धाऊकाकांचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. बायको होती तोवर त्यांना त्याची फारशी झळ लागली नाही. ती गेली आणि घरात चूल पेटवणारं कुणी उरलं नाही. एकदा त्यांनी स्वतःच गॅस पेटवून पाहिला, तर सदऱ्याच्या बाहीने पेट घेतला. शेजारच्या जयश्रीने धावत येऊन पाणी ओतलं म्हणून हात वाचला. तेव्हापासून त्यांचं दोन्ही वेळचं जेवण तिच्या घरून येऊ लागलं.

सकाळी शेतावर जाण्याआधी जयश्री भात-आमटी झाकून ठेवून जायची. दुपारपर्यंत आमटी गारढोण आणि भात टणक. पण काकांनी कधी तोंडातून ब्र काढला नाही. मुरबाडला दिलेली लेक वर्षा फोनवर खोदून विचारू लागली, तेव्हा एवढंच म्हणाले, "ती आपला संसार सांभाळून मला घालते गो. त्यात गरम कुठं मागू?"

दिवाळीला वर्षा आली ती मायक्रोवेव्ह घेऊनच. गुळगुळीत बटणांचा नव्हे, हाताने फिरवायच्या दोन चाकांचा. वेळ संपली की टिंग वाजणारा. वेळेच्या चाकाभोवती तिने एमसीलच्या लुकणाचे हाताला लागणारे बारीक ठिपके चिकटवले. वडिलांचं बोट धरून ते एकेक दाखवले.

"इथवर फिरवलं की वाटीभर आमटी गरम होते. काय गडबड वाटली तर चाक उलटं शून्यावर आणायचं, नायतर दार उघडायचं. लगेच बंद पडतो. आणि बाबा, स्टील, जर्मन, पितळ, काय म्हणजे काय आत घालायचं नाय. श्रीखंडाचा डबापण नाय, तो वितळतो. काच नायतर चिनीमाती."

तिने काचेचा एक गोल वाडगाही आणला होता. काकांनी त्यावर नखाने टिचकी मारली, स्टीलच्या वाटीवर मारली, दोन्ही आवाज ऐकले आणि मान डोलावली.

त्या दिवशी त्यांनी स्वतः गरम केलेली आमटी भुरकली. वाफ तोंडावर आली तसा त्यांनी वाडगा तोंडाशीच धरून ठेवला. वर्षाने विचारलं, "पोळलं का?"

"नाय गो. बरं वाटलं."

काही आठवडे छान गेले. मग एकदा जयश्रीच्या घरी पाहुणे आले, तिने मसालेभात केला आणि काकांसाठी मुद्दाम आपल्या नव्या चिनीमातीच्या वाडग्यात आणला. "काका, चिनीमातीचं भांडं आहे, असंच गरम करा," म्हणून ती परत गेली. काकांनी टिचकी मारली. आवाज बरोबर होता. वाडगा आत ठेवून त्यांनी चाक फिरवलं.

आतून तडतड असे आवाज सुरू झाले, जळका वास आला. हाताने ठिपके चाचपत काकांनी चाक शून्यावर आणलं. आवाज थांबला. मग त्यांनी जयश्रीला हाक मारली.

तिने दार उघडून वाडगा पाहिला. काठावर सोनेरी रेघ होती, ती जागोजागी काळी पडली होती. तिला रडू आलं. "मीच सांगितलं तुमाला घाला म्हणून. काय झालं असतं तर?"

"झालं का काय? नाय ना? रडतेस कशाला! माझा हात कोणी वाचवला होता?"

फोनवर हे कळल्यावर वर्षा त्या रविवारी मुरबाडहून आली. कोणाला बोल लावायला नव्हे. ती जयश्रीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "चूक माझी, वयनी. ती सोनेरी रेघ धातूचीच असते, ठिणग्या उडतात. मी ते सांगितलंच नाय. बाबांना रेघ दिसणार नाय, हाताला लागेलच असं नाय."

मग तिघांनी मिळून एकच नियम केला. मायक्रोवेव्हमध्ये चालतं असं छापलेलं काचेचं खोलगट चौकोनी भांडं वर्षाने आणलं होतं. घरातलं बाकी एकही भांडं चौकोनी नव्हतं. जयश्रीने जेवण कशातही आणावं, पण गरम करताना ते चौकोनी भांड्यातच ओतायचं. गोल काही आत जाणार नाही. झाकण जरा सरकवून ठेवायचं, मधे एकदा ढवळायचं, आणि बाहेर काढताना जाड फडकं घ्यायचं, कारण जेवणाच्या उष्णतेने काचही तापते. तापलेली काच गार पाण्याखाली धरायची नाही.

पुढच्या खेपेला वर्षाने त्याच भांड्यात भात शिजवायला शिकवलं. पाणी बोटाच्या पेराने मोजायचं. पहिल्या वेळी तांदूळ जास्त झाले आणि पाणी उतू गेलं. दुसऱ्या वेळी भात कच्चट राहिला. नंतर मात्र जमला.

भातझोडणीच्या दिवसांत एका दुपारी जयश्री खळ्यावरून परतली. नवरा मंगेश कामावर, घरात केलेलं काही नाही, अंगभर भाताचं टोचरं कूस चिकटलेलं. काकांनी पावलांवरून तिला ओळखलं आणि ओटीवरून हाक मारली.

"जयश्री, हातपाय धू आणि इकडं ये. आज तू माझ्याकडं जेवायचं."

"नको काका, मी घालते कायतरी चुलीवर."

"भात झालाय. बस."

त्यांनी जाड फडक्याने भांडं बाहेर काढलं, ताट चाचपलं, भात वाढला, वर तूप आणि बाजूला लोणचं. थोडा भात ताटाबाहेर सांडला. जयश्रीने तो गुपचूप वेचून तोंडात टाकला.

"मऊ झालाय का?" काकांनी विचारलं.

तिने वाफाळता घास घेतला. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिला कोणी असं बसवून गरम ताट वाढलं नव्हतं.

"झालाय काका," ती म्हणाली. "अजून थोडा वाढा."