नारळ न फोडलेली गाडी

"काका, नारळ नक्की कुठे फोडला होता?"

डॉक्टरने पोटावर बोट ठेवून 'इथे दुखतं का' विचारावं, तितक्या मायेने सर्व्हिस सेंटरच्या अजितने हा प्रश्न विचारला. दौलत परबांनी हातातला मशीनच्या कॉफीचा पेला खाली ठेवला.

"इथंच. तुमच्या दारात. नारळ पण तुमचाच होता."

"तसं नाही काका. गाडीच्या कुठल्या पार्टवर?"

"पार्टवर कशाला फोडू? चाकापुढे, लादीवर फोडला. मग मिसेसनी पाणी शिंपडलं."

"कशावर?"

"गाडीवर. मग काय तुझ्यावर?"

अजितने हातातल्या टॅबवर काहीतरी टिपून घेतलं आणि मान हलवली. रोग सापडल्याची ती मान होती.

गाडी नवी होती. इतकी नवी, की मागच्या सीटवरचं प्लास्टिक काढायला मालनताईंनी अजून परवानगी दिली नव्हती. आदल्या आठवड्यात लालबागच्या पुलावर, चढाच्या बरोबर मध्यावर, ती एकाएकी बंद पडली. डॅशबोर्डवरचा पडदा काळा, स्टेअरिंग दगडासारखं, ब्रेकवर उभं राहिलं तरी ब्रेक लागेना. मागच्या टँकरवाल्याने वेळेत गाडी थांबवली म्हणून परब दांपत्य आज मशीनची कॉफी प्यायला शिल्लक होतं. आता अजितचं म्हणणं असं, की बॉनेटखाली मुख्य वायरिंगचा जो जोड आहे तो आतून गंजलाय. पाणी गेलंय. आणि बाहेरून पाणी घातलं तर ते वॉरंटीत बसत नाही.

"पावसात चालते ना ही गाडी?" दौलतनी विचारलं.

"चालते ना. आरामात."

"मग पावसाचं पाणी चालतं आणि नारळाचं चालत नाही?"

"नारळाच्या पाण्यात साखर असते काका."

दौलतनी मान डोलावली. उत्तर पटलं म्हणून नव्हे, ओळखीचं वाटलं म्हणून. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या चौकशी खिडकीत गेली होती. 'माहीत नाही' हे दोन शब्द सोडून तिथे काहीही बोललेलं चालतं, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. समोरचा माणूसही त्याच शाळेतला निघाला, याचं त्यांना थोडं कौतुकच वाटलं. मात्र जन्मभर उत्तरं दिलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतर फक्त प्रश्न उरतात, हे अजितला कोणी सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट इंग्रजीत आला. मुलगा निलेशने तो जेवताना मराठीत करून वाचला, आणि घात तिथे झाला.

"'ग्राहकाने केलेल्या धार्मिक विधीच्या वेळी द्रवपदार्थ आत शिरल्यामुळे बिघाड.' बस, एवढंच. वॉरंटी रिजेक्ट."

मालनताई भात वाढत होत्या. भातवाढी पातेल्यातच राहिली.

"म्हणजे माझ्या हातान झाला," त्या म्हणाल्या.

"आई, तसं कुठे लिहिलंय?"

"पाणी कोणी शिंपडल्यान? मियांच ना?"

मालनताईंच्या हाताला गुण आहे, हे चाळ होती तेव्हापासून लालबागमधल्या त्या वस्तीला ठाऊक होतं. चाळीचा टॉवर झाला, माणसं एकावर एक रचली गेली, पण नवीन फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन, एवढंच काय टॉवरची लिफ्टसुद्धा मालनताईंनी हळदकुंकू लावल्याशिवाय सुरू झाली नव्हती. लिफ्ट अधूनमधून अडकते, पण तो दोष बिल्डरचा, यावर सर्वांचं एकमत होतं. गाडीच्या वेळी दौलतनी शोरूममध्ये मालवणी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा टाय लावलेले सेल्समन ओळीने उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणाले होते. अजितचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

रिपोर्टनंतरच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या राजेशने नवी स्कूटर आणली. तो बोलवायला वर आला, तर मालनताई दार अर्धंच उघडून म्हणाल्या, "माझो हात नको रे. दुसऱ्या कोणाक तरी बघ." राजेशने दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही. खाली जाताना त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला, आणि दौलतना गाडीच्या बिघाडापेक्षा ते जास्त लागलं.

त्यांनी ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या मुलीने नीट समजावलं: कागद सांभाळा, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा, वकील लागतोच असं नाही, पण बिघाड कारखान्यातूनच आला हे दाखवावं लागेल. दौलतनी इतके उपप्रश्न विचारले की शेवटी तिनेच विचारलं, "सर, तुम्ही आधी कुठे होता?"

"खिडकीच्या तुमच्या बाजूला," दौलत म्हणाले.

रात्री त्यांनी निलेशला आपला बेत सांगितला. "कंपनी म्हणते नारळामुळे. मग नारळ न फोडलेली गाडी बिघडते का, ते बघायला नको?"

"बाबा, मुंबईत नारळ न फोडलेली गाडी कुठे मिळणार तुम्हाला?"

निलेशचं म्हणणं खोटं नव्हतं. दौलत रोज सकाळी शिवाजी पार्कला जाऊ लागले. कठड्याला लागून उभ्या गाड्यांत आपल्या मॉडेलची गाडी दिसली की मालक फेरी संपवून येईपर्यंत ते तिच्यापाशी उभे राहत, आणि मग विचारत, "माफ करा, हिच्यावर नारळ फोडला होता का?" पहिल्या दिवशी लोकांना ते कुठल्या तरी पक्षाचे वाटले, दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी पंथाचे. उत्तरं मात्र एकसारखी आली. एका बाईंनी फक्त स्वस्तिक काढलं होतं, नारळ ड्रायव्हरने फोडला. माहीमच्या एका फर्नांडिस नावाच्या गृहस्थांनीही फोडला होता. "ट्रेमध्ये होता ना. सगळे बघत होते. नाही कसं म्हणणार?" एका तरुणाने ऑनलाइन पूजा केली होती, पण नारळ खरा होता.

मग एके सकाळी हेमचंद्र कर्णिक भेटले. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. डोक्यावर कॅप, पायांत पांढरे बूट, चेहऱ्यावर हरकत.

"नारळ?" कर्णिक म्हणाले. "मी गाडी पितृपक्षात घेतली. सर्वपित्री अमावास्येला. मुद्दाम. ते ताट घेऊन आले, मी परत पाठवलं."

दौलतनी गाडीकडे असं पाहिलं, जसं लोक देवळात पाहतात.

"आणि गाडी? ठीक चालते?"

कर्णिकांनी इकडेतिकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना आवडला नव्हता.

"बंद पडली. पोर्तुगीज चर्चच्या सिग्नलला. कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर आमची बहीण म्हणाली असती, अमावास्या."

"कंपनी काय म्हणाली?"

"उंदीर."

"काय?"

"उंदरांनी वायर खाल्ली. वॉरंटीत बसत नाही. उंदीर वायर कुरतडतो हे मला मान्य आहे हो. पण तो ती गंजवतो कशी, हे मी विचारलं."

"मग?"

"कॉफी दिली."

दोघे कठड्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. आस्तिकाला नारळ आणि नास्तिकाला उंदीर. कंपनीने कोणावरही अन्याय होऊ दिला नव्हता.

दोन्ही तक्रारी आयोगासमोर एकत्र चालल्या. तारखा पडत गेल्या. मधे एकदा तडजोडीची बैठक झाली. कंपनीच्या तरुण वकिलाने सांगितलं, की कंपनी केवळ सद्भावनेपोटी दोन्ही गाड्या मोफत दुरुस्त करून द्यायला तयार आहे. कारणाच्या खोलात कोणी जायचं नाही.

"मला खोलातच जायचंय," दौलत म्हणाले. "गाडी दुरुस्त करा, बदला, जे आयोग सांगेल ते करा. पण माझ्या बायकोला त्यातून काढा."

वकिलाने कागद उलटसुलट केले. "परब साहेब, तुमच्या मिसेसचं नाव कुठे आहे यात? फक्त 'धार्मिक विधी' म्हटलंय."

"विधी आपोआप नाही होत, साहेब. कोणीतरी हात पुढे करतं तेव्हा होतो."

कर्णिक शेजारीच बसले होते. विधीच्या बाजूने बसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

बैठक मोडली. आयोगाने दोन्ही गाड्या एका प्रयोगशाळेत तपासणीला पाठवल्या. तिथल्या इंजिनीअर सुनेत्रा साने यांनी दोन्ही बॉनेटं शेजारी शेजारी उघडून दाखवलं: जोडाच्या झाकणाला सभोवार एक खाच होती, रबराची कडी बसवायला. दोन्ही गाड्यांत खाच होती, रबर नव्हतं. निघून पडलेलं नव्हे; कधी बसवलेलंच नाही.

"आणि नारळ?" दौलतनी विचारलं.

"नारळाचा काही संबंध नाही. पहिल्या पावसात नाही तर दुसऱ्या धुण्यात हे होणारच होतं."

"तेवढं जरा लिहाल?"

त्यांनी लिहिलं. कंपनीने दोन्ही गाड्या बदलून द्याव्यात असा हुकूम झाला, आणि त्यात नारळाला आणि उंदराला सारख्याच स्पष्ट शब्दांत दोषमुक्त केलेलं होतं. दौलतनी तो घरी आणून मोठ्याने वाचला. मालनताई सोलकढीसाठी सोलं भिजत घालत होत्या.

"बरां," त्या म्हणाल्या.

"बरां काय? तुझा काही दोष नाही, असं लिहिलंय."

"कागदार लिवल्यानी म्हणान हात बरो जाता?"

दौलतनी हुकमाची घडी घालून तो फाइलीत ठेवला.

नव्या गाड्या एकाच दिवशी मिळाल्या. मालनताई दौलतच्या फार आग्रहाने आल्या, पण शोरूमच्या काचेला पाठ लावून, पर्स दोन्ही हातांनी धरून लांब उभ्या राहिल्या. अजित ताट घेऊन आला. ताटात हळद, कुंकू, हार, आणि नारळ होता. आयोगाचा हुकूम त्याने वाचला नसावा, कारण या वेळी तो ताट गाडीपासून जरा लांबच धरत होता. दौलतनी मालनताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली: नाही. दौलत स्वतःच पुढे झाले.

"थांबा परब," कर्णिक म्हणाले. मग ते चालत काचेपाशी गेले आणि कॅप काढली. "वहिनी, आधी माझ्या गाडीला तुमचा हात लावाल का?"

मालनताईंना वाटलं, चेष्टा आहे. "तुमचो इश्वास नाय ना?"

"नाही. अजिबात नाही. पण मागच्या खेपेला माझ्या गाडीला कोणाचाच हात लागला नव्हता, आणि तीही बंदच पडली. एक बाजू तपासून झाली. आता दुसरी राहिली."

"आणि परत बिघाडली तर?"

"तर कंपनीला विचारू. तुम्हाला नाही."

मालनताई काचेपासून पुढे झाल्या. मग त्यांनी पर्स दौलतच्या हातात दिली आणि पदर खोचला. अजितने लगबगीने ताट पुढे केलं.

"ता मागीर," त्या म्हणाल्या. "आधी बॉनेट उघड."

"काकी, बॉनेट?"

"रबर लावल्यानी काय नाय, माका बघूक होया."

अजितने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने छताकडे. बॉनेट उघडलं गेलं, आणि जोड कुठे आहे ते अजितने बोटाने दाखवलं. मालनताई वाकल्या. नवीन पातेलं घेताना कडेला कुठे चीर नाही ना हे पाहावं, तसं त्यांनी एक बोट त्या काळ्या रबरावरून फिरवलं. सावकाश, कुठेही न उचलता, जिथून सुरुवात केली तिथपर्यंत. बोट काळं झालं. त्यांनी ते पुसलं नाही.

मग त्या दौलतच्या गाडीकडे वळल्या. "हेचा पण उघड," त्या अजितला म्हणाल्या.

अजित ताट कुठे ठेवावं ते शोधू लागला. कर्णिकांनी ते आपल्या हातात घेतलं, आणि नारळ घरंगळू नये म्हणून त्यावर दुसरा हात ठेवून उभे राहिले.