वर्तणूक चांगली

माझी धाकटी बहीण स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर डोकं आपटून गेली. ढकललं तिच्या नवऱ्याने. खून नव्हे, सदोष मनुष्यवध, असा कोर्टाने निकाल दिला, कारण मारायचा हेतू नव्हता म्हणे! आता फक्त शिक्षा ठरायची होती. जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि त्यातली किती द्यायची ते न्यायाधीशांच्या हातात.

त्याचा वकील उठला. गोड बोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

"एका क्षणाचा राग, साहेब. माणूस मुळात सज्जन. हे मी नाही, मयत बाईच्या माहेरचेच सांगतात," म्हणत त्याने एक कागद वर धरला.

अक्षर माझं होतं.

मी शाळेत कारकून आहे. बावीस वर्षं दाखल्यांवर 'वर्तणूक चांगली' लिहीत आले. ज्याने मुख्याध्यापकांच्या स्कूटरची हवा सोडली त्याचीही चांगली, ज्याने वर्गाची काच फोडली त्याचीही चांगली. पोराचं पुढे कुठे अडू नये, म्हणून आम्ही दुसरं काही लिहीतच नाही. चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, तेव्हा बहीण सुजलेला गाल ओढणीत लपवून माझ्या टेबलासमोर येऊन बसली. "ताई, यांच्या बाजूने चार ओळी लिहून दे ना. कोर्टात द्यायच्यात. हे अडकले तर बाहेर आल्यावर माझं काही खरं नाही." मी लिहून दिलं. शांत स्वभाव, व्यसन नाही, पत्नीला जपतात. दाखला लिहावा तसं, मधली सुट्टी संपायच्या आत. समज देऊन सोडलं त्याला.

"घरच्यांना काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

सरकारी वकीलबाईंनी माझा दंड धरला. "ठरलंय तेवढंच बोला. पत्र खोटं म्हणालात तर उद्या तुमच्यावरच केस होईल. नोकरी जाईल, ताई."

जाऊ दे! बहीण गेली, तिथे नोकरीचं काय घेऊन बसलात? मी पुढे गेले.

"साहेब, ते पत्र मी लिहिलंय आणि ते धादांत खोटं आहे. लिहीत होते तेव्हा तिचा गाल माझ्यासमोर सुजलेला होता. एक क्षण म्हणे! सहा वर्षं चालला तो क्षण. शेजारी सांगतील, दवाखान्यातले कागद सांगतील. तुम्ही मागवा तरी."

पिंजऱ्यातला तो आता कुठे मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. मीही बघितलं. नजर त्याने आधी खाली वळवली.

त्याचा वकील उसळला. "साहेब, बाई स्वतःच कबूल करतायत की त्या कोर्टाशी खोटं बोलल्या!"

"खरंय," न्यायाधीश म्हणाले. "बाई, तेव्हा खोटं लिहिलंत, मग आज खरं बोलताय हे मी कशावरून मानू?"

"तेव्हा खोटं लिहून माझं काहीच जाणार नव्हतं, साहेब. आज खरं बोलून सगळं जाणार आहे. घाला केस. पण माझ्या अक्षराचा फायदा त्याला देऊ नका."

साहेबांनी दवाखान्याचे कागद मागवले, शेजारणीला बोलावलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी आदेश वाचला. पूर्वीची वर्तणूक चांगली असल्याचा मुद्दा विचारात घेतलेला नाही. नऊ वर्षं. त्याखाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती: खोट्या पत्राबद्दल नोटीस.

"पत्र टिकलं असतं तर पाचावर सुटला असता," वकीलबाई बाहेर म्हणाल्या.

म्हणजे चार वर्षं मी त्याला फुकट देऊन बसले होते. ती काढून घेतली. माझी बहीण जिवंत होती तेव्हाच काढून घ्यायला हवी होती.