नंतर टाकलेली चार अळंबी

मित्रांनो, वाळुंजाच्या फोकांची जुनी टोपली म्हणजे मी. फ्रान्समधल्या एका लहानशा गावात, दगडी घराच्या स्वयंपाकघरात, दाराशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझ्यात अंडी ठेवा, पाव ठेवा, धुतलेले कपडे ठेवा, मी काही म्हणणार नाही. पण रानात पानगळ सुरू झाली आणि कुणी माझ्या कडीला हात घातला, की आजही माझी एकेक फोक शहारते. का, ते तुम्हाला सांगते.

मला विणलं गावातल्या एका पांगळ्या म्हाताऱ्याने. ओली फोक गुडघ्यावर वाकवताना तो सारखा काहीतरी पुटपुटत असे. ती प्रार्थना होती की पायदुखीचं कण्हणं, ते मला कधी कळलं नाही. फिलोमेनबाईंनी एक कोंबडा देऊन मला घरी आणलं. बाई एकट्या होत्या. सकाळी मेरीमातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावल्याशिवाय त्या कॉफीचा घोटही घेत नसत. चाळीस वर्षांत हा नेम एकदाही मोडलेला मी पाहिला नाही.

रान मी शिकले ते त्यांच्याच हाताशी. एकदा त्यांनी ओकच्या झाडाखालून एक अळंबे मुळासकट उपटलं आणि तळहातावर धरलं. टोपी हिरवट, खालचे पापुद्रे पांढरेशुभ्र, देठाला झालर, आणि मुळाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पिशवी. वास शिळ्या मधाचा.

"हे नीट बघून ठेव," बाई मला म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत असत. "चवीला गोड असतं म्हणे. खाल्लेला माणूस दिवसभर हसतो-खेळतो. मग सुरू होतं."

त्याच वर्षी पलीकडच्या शेतावर शहरातून पाहुणे आले होते. आपले आपणच रानात गेले आणि आपले आपणच रांधून जेवले. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यात सुपाचं भांडं ठेवलं आणि आम्ही त्या घरी गेलो. खिडक्या मिटलेल्या होत्या. दार उघडणाऱ्या बाईने सुपाकडे पाहिलं, मान हलवली आणि दार लावून घेतलं. ते सूप तसंच आम्ही परत आणलं. त्या आठवड्यात चर्चची मयताची घंटा दोनदा वाजली.

मित्रांनो, भीती म्हणजे काय ते मला त्या सुपाने शिकवलं.

पुढे फिलोमेनबाई गेल्या. सहा वर्षं मी कोठारात लोंबकळत होते. उंदरांनी माझा काठ कुरतडला, कोळ्यांनी माझ्यात घर केलं. मला वाटलं, आता आपण चुलीतच जाणार. तेवढ्यात बाईंची भाची मिरेय आली. ती लियाँला शाळामास्तरीण होती. नोकरी संपली तशी ईस्टरपासून नाताळपर्यंत इथेच राहायचं, असं ठरवून ती आली, आणि आल्याबरोबर तिने साऱ्या गोतावळ्याला कळवलं, "घर मोठं आहे. येऊन राहा."

लोक आले. त्या उन्हाळ्यात घराला उसंत नव्हती. एक चादर वाळत घातली, की दुसरी पलंगावर. मावसभावाची पोरं गेली, तर शेजारणीची बहीण आली. माझ्यातून कधी पाव आले, कधी टोमॅटो, कधी नदीवरून ओले कपडे. "काय सुरेख टोपली आहे," असं प्रत्येक जण म्हणे. मी फुलून गेले होते. एवढ्या जिवांना पोसणाऱ्या घरात आपणही हातभार लावतो, याचं मला सुख होतं.

मिरेयचं मन मोठं होतं, पण जीभ शाळेतलीच राहिली होती. चादरीची घडी वाकडी पडली तरी ती पाहुण्याला पुन्हा घालायला लावी.

ऑक्टोबरात तिचा धाकटा भाऊ बतिस्त आणि त्याची बायको सोलांज दहा दिवसांसाठी आले. बतिस्त थट्टेखोर. सोलांज शहरात वाढलेली, कमी बोलणारी. मिरेयची जुनी मैत्रीण एदित तेव्हा मुक्कामालाच होती. शनिवारी सकाळी सगळे रानात गेले.

सोलांजने पहिलंच अळंबे चाकूने कापून काढलं, तशी मिरेय म्हणाली, "कापू नये, सोलांज. मुळासकट काढावं. बूड बघितल्याशिवाय कळणार कसं काय आहे ते? काल संध्याकाळी तासभर सांगत होते ना मी?"

"ताई, तिला कशाला सांगतेस?" बतिस्त म्हणाला. "तिला कुत्र्याची छत्री आणि पावसातली छत्री एकच. दोन्ही डोक्यावर धरेल."

एदित हसली. सोलांजही हसली, पण तिची बोटं माझ्या कडीवर घट्ट आवळली होती. ते फक्त मला कळलं.

आमच्याकडे रीत अशी, की रानातली अळंबी आधी औषधाच्या दुकानात दाखवायची. दुकानाच्या मालकीण लावेर्नबाईंनी फळीवर वर्तमानपत्र अंथरलं, एकेक अळंबे उलटं करून पाहिलं, हुंगलं आणि पाच बाजूला काढून केराच्या डब्यात टाकली.

"ही कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बायकोने," बतिस्त म्हणाला. "आम्हाला मारायचा विचार दिसतो."

"विषारी नाहीत, पण पोटाला जड. बाकीची निर्धास्त खा," लावेर्नबाई म्हणाल्या.

मिरेयला पाव आणि चीज घ्यायचं होतं, एदित तिच्याबरोबर गेली. बतिस्त चौकात कुणाशी तरी बोलत उभा राहिला. सोलांज म्हणाली, "मी पुढे होते," आणि मला घेऊन एकटीच निघाली.

वळणावर एक मोठा ओक आहे. त्याच्याखाली चार अळंबी उभी होती. देखणी, रेशमासारखी. सोलांज थांबली. तिने मागे वळून पाहिलं. मग गुडघ्यावर बसली. उपटायला तिचा हात पुढे गेला होता, पण मुळाची माती आपल्या स्वच्छ अळंब्यांना लागेल, असं वाटून तिने चाकू काढला. चार देठ कापले. चार अळंबी माझ्यात, इतरांच्या खाली, सारून ठेवली.

"ही तरी माझी," ती हळूच म्हणाली.

शिळ्या मधाचा वास आला.

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर मी गाव जमवलं असतं. कडी तुटावी आणि सगळं खड्ड्यात सांडावं, म्हणून मी जीव एकवटला. पण म्हाताऱ्याने मला पक्कं विणलं होतं. पाऊल पडत होतं, घर जवळ येत होतं. मला मिटलेल्या खिडक्या दिसत होत्या, परत आणलेलं सूप दिसत होतं.

"आज मी चिरते, ताई," मागोमाग मिरेय घरी पोचली तशी सोलांज म्हणाली.

"बरं झालं बाई, मला बटाटे बघायचेत," मिरेय म्हणाली. तिने माझ्यात डोकावलंही नाही. कशाला डोकावेल? तपासणी झाली होती ना.

सोलांजने सालं काढली, बारीक फोडी केल्या. हिरवी टोपी आता हिरवी राहिली नाही. सगळं एका रंगाचं झालं. कढईत लोणी वितळलं, लसूण पडला, वाटीभर फोडी पडल्या. सगळ्या घरात सुरेख वास दरवळला आणि मी खिळ्यावर टांगलेली, मनातल्या मनात फिलोमेनबाईंची प्रार्थना म्हणत राहिले. ती मला अर्धीच पाठ होती.

बतिस्त आत आला. त्याने पावाचा तुकडा मोडला, कढईत फिरवला आणि तोंडात टाकला. मग आणखी एक.

"ताई, आज हात कुणाचा लागलाय? काय गोड झालंय."

"उष्टं करू नकोस, हो बाहेर," मिरेय म्हणाली.

दुपारचा एक वाजला होता. चौघं टेबलाशी बसली. एदितने वाढून घेतलं, काटा हातात घेतला. बतिस्तला तेवढ्यात थट्टा सुचली.

"पण सोलांज, तुझी बिचारीची सगळी कचऱ्यात गेली."

सोलांजचा चेहरा लाल झाला. "सगळी नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" मिरेयने विचारलं.

सोलांज ताटातला पाव कुस्करू लागली. एदितचा काटा तोंडाशी आला होता. मिरेयने झटकन तिच्या मनगटावर हात ठेवला.

"सोलांज. म्हणजे काय?"

"वाटेत चार मिळाली. ओकखाली. फार सुंदर होती, म्हणून…"

"वरून कशी होती?"

"हिरवट."

"आणि खालून?"

"पांढरी."

मग बतिस्त हसला, आणि हसता हसता थांबला. "मी दोन घास खाल्लेत," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान मुलासारखा झाला होता.

मिरेयने इस्पितळात फोन लावला. तिकडून सांगितलं, त्याला लगेच आणा, आणि ते अळंबे नक्की कोणतं ते कळवा, त्यावर सगळं उपचाराचं ठरेल. पण ताटात आणि कढईत आता नुसत्या तपकिरी फोडी होत्या. एदितने बतिस्तला गाडीत घातलं. मिरेय लावेर्नबाईंना आणायला धावली. सोलांजने मला खिळ्यावरून ओढून घेतलं आणि ती ओककडे पळत सुटली. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नसावं. बुडणारा माणूस काहीही धरतो.

ओकखाली लावेर्नबाईंनी विचारलं, "कुठे कापलीस?" सोलांजने पानं बाजूला केली. चार देठांची खुंटं मातीत तशीच होती. ती नखांनी माती उकरू लागली. बोटांतून रक्त आलं तरी थांबली नाही. पहिलं खुंट वर आलं. त्याच्या बुडाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पांढरी पिशवी होती.

लावेर्नबाईंनी ती हातात घेतली, छातीवर क्रूस काढला आणि सोलांजला म्हणाल्या, "माझ्यात एवढा दम नाही. तू पळत जा आणि माझ्या दुकानातून फोन कर. सांग, तेच आहे."

पुढचे सहा दिवस मी इस्पितळातच होते. माझ्यात बतिस्तचे कपडे, साबण, चपला होत्या. पहिल्या रात्री त्याच्या पोटात कालवलं, तो पिळून निघाला. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला आणि म्हणाला, "मला हॅमचा तुकडा द्या रे कुणी." सोलांज रडत हसली. तेव्हा डॉक्टरीणबाई तिला दाराबाहेर घेऊन आल्या. "या बरं वाटण्यावर विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "हे विष असंच करतं. आता ते यकृतात बसलंय." चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. त्याने थट्टा केली नाही. कुणाकडे पाहिलंही नाही.

सोलांजला प्रार्थना येत नव्हती. ती बाकावर मला मांडीवर घेऊन बसे आणि "उतरू दे, उतरू दे" एवढंच म्हणत राही. रक्ततपासणीचा आकडा उतरायला हवा होता. मिरेय शेजारी बसून होती. दोन दिवस त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी दुपारी मिरेय म्हणाली, "मला एकदा दाखवायचं होतंस गं. मी बघितल्याबरोबर ओळखलं असतं."

"माहीत होतं मला," सोलांज म्हणाली. "पण विचारायची भीती वाटली, ताई. पुन्हा सगळे हसतील असं वाटलं."

मिरेयने तोंड उघडलं. काहीतरी शिकवायचंच तिच्या ओठावर असावं. पण ते आलं नाही. तिने सोलांजचा फडक्यात बांधलेला हात उचलून आपल्या हातात घेतला.

"ती भीती माझ्या घरात मीच पानात वाढली," ती म्हणाली. "अळंबी नंतरची."

सहाव्या दिवशी सकाळी आकडा थोडासा उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडासाच. पण उतरलाय." सोलांज उठून उभी राहिली आणि परत बसली.

बतिस्त वाचला. घरी आल्यावर मिरेयने मला चुलीत घालायला घेतलं होतं. सोलांजने मला तिच्या हातातून काढून घेतलं. "तिचा काय दोष?" ती म्हणाली. तिने मला उकळत्या पाण्याने धुतलं, आठ दिवस उन्हात ठेवलं आणि पुन्हा खिळ्याला लावलं.

परवा ती दोघं पुन्हा आली. बतिस्त अजून वाळलेला आहे, वाइन सोडली आहे. सोलांज एकटीच रानात जाऊन आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तळहातावर मुळासकट काढलेलं एक अळंबे.

"ताई, हे कसलं?" तिने मोठ्याने विचारलं.

ते इतकं साधं होतं, की आमच्या गावात चार वर्षांचं पोरही ओळखील. बतिस्तने तोंड उघडलं. मिरेयने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पाणी प्यायला. मिरेयने कणकेचे हात पुसले, चष्मा लावला, अळंबे उलटं केलं, बूड पाहिलं, हुंगलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "आणि विचारलंस ते त्याहून चांगलं."

मित्रांनो, माझ्यात काय पडतं ते मला कळतं, पण सांगता येत नाही. सांगणं तुमच्या हातात आहे. एकदा तपासून झालेल्यात मागाहून गुपचूप काही टाकू नका. आणि तुमच्या घरी पाहुणा आला, तर त्याला अंथरूण द्या, गरम जेवण द्या, आणि वेड्यासारखा प्रश्न विचारायची मोकळीकही द्या. त्याच्या प्रश्नाला हसू नका. देव करो आणि तुमच्या दारावरून कुणाला सूप परत न्यायची वेळ न येवो.

सोलांजने ते एकुलतं अळंबे माझ्यात ठेवलं. मिरेयने पाहिलं होतं, चांगलं होतं. तरीही मी त्याचा वास घेत राहिले, कितीतरी वेळ.