डब्याचं पथ्य

पुतळीला हल्ली बसलं की उठवत नसे आणि उठलं की बसायला सवड नसे. पहाटे म्हशीची धार, मग कॅसलरॉकच्या रेल्वे क्वार्टरांपर्यंत कोसभर दुधाची चरवी, येताना वाटेवरचं जळण, आणि घरी आल्यावर बाळंतिणीचं नि तान्ह्याचं. नवरा नागू जंगलातल्या कूपावर लाकूडतोडीला. आठवड्यातून एकदा यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. थकले म्हणून सांगायचं तरी कुणाला, म्हशीला?

थकव्याचं तिला फारसं वाटत नव्हतं. भीती वाटत होती ती केशरची. केशर तिची लेक, दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पहिल्या खेपेचा मुलगा ह्याच घरात अडीच महिन्यांचा होऊन गेला. केशरचं दूध आटलं, पोर सुकत गेलं, आणि एका दुपारी रडायचं थांबलं. लोक म्हणाले, नजर लागली. पुतळीनंही तसंच म्हणून मनाला गप्प बसवलं. आता ही मुलगी दीड महिन्याची झाली होती आणि केशरची छाती पुन्हा रिकामी पडत चालली होती. पोरगी रडे, तीसुद्धा दमून दमून. पुतळी बोटांवर दिवस मोजी आणि अडीच महिन्यांपाशी आली की मोजणं सोडून उठे.

अशात तिनं तो डबा पाहिला. क्वार्टरातल्या पार्सलबाबूंच्या घरी ती रोज दूध घालायची. त्यांची सूनही बाळंतीण, आणि केशरच्याच मागेपुढे मोकळी झालेली. पण दीड महिन्यात ती अशी टणटणीत झाली की बघत राहावं. पुतळी दारात माप ओतत असताना ती सून एका उंच डब्यातून तपकिरी भुकटीचा चमचा काढी, पेल्यात ढवळी आणि पिऊन टाकी. डब्यावर हसऱ्या बाईचं चित्र.

"ताकदीची पावडर आहे," बाबूंच्या बायको म्हणाल्या. "प्रोटीन म्हणतात. लोंड्याला मिळते."

डबा पुतळीच्या मनात भरला. मनात भरला तरी घरात यायला काहीतरी घराबाहेर जावं लागतं. चहापुरतं राहणारं दूधही चरवीत गेलं. अंडी घालणाऱ्या दोन कोंबड्या टोपलीत बसून स्टेशनाकडे गेल्या. मग एका सकाळी पुतळी गाडीत बसली, लोंड्याला उतरली आणि औषधाच्या दुकानात उभी राहिली. दुकानात गर्दी. दुकानदारानं कागदात डबा गुंडाळून पुढे केला.

"पथ्य काय?" पुतळीनं विचारलं.

"काय तुमचं नेहमीचं असेल ते," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, ह्या डोंगरात नेहमीचं म्हणजे काय ते! इथे मुळी उगाळून देणारा कान्हू वैद्य पथ्याशिवाय औषधाला हात लावू देत नाही. दूध बंद, ताक बंद, कडधान्य बंद, शेंगदाणा, अंडं, मासळी, तेल, सगळं बंद. पथ्य मोडलं तर औषध लागू पडत नाही, उलट अंगावर येतं. मुळीला एवढं, तर लोंड्याहून गाडीतून आलेल्या डब्याला किती! पुतळीनं पथ्य असं कडक धरलं की कान्हूनंही तोंडात बोट घातलं असतं. खानापूरच्या भावानं बाळंतिणीसाठी शेंगांचं पोतं पाठवलं होतं, ते माळ्यावर चढवलं आणि केशरला बजावलं, "तिकडं नदर बी वळवू नगं."

डबा देवापाशी ठेवला. आत एक मोठा चमचा निघाला, तो धुऊन फळीवर. औषध कुणी असल्या पळीनं देतं का? बाळाच्या घुटीचा चिमुकला चमचा पुतळीनं घेतला. रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यातून. त्यावर मिठाची पेज. दुपारी पेज. रात्री पेज.

बावीस दिवस असे गेले. डबा जेमतेम बोटभर खाली गेला. केशर मात्र इतकी खंगली की भिंत धरून चालायला लागली.

तेविसाव्या दिवशी नर्सबाई आल्या. लक्ष्मी सिस्टर, हल्याळकडच्या, महिन्याकाठी छत्री आणि वजनकाटा घेऊन पायी यायच्या. काट्याला झोळी अडकवून त्यांनी पोरीला आत घातलं. काटा बघितला, मागच्या महिन्याचा कागद बघितला, पुन्हा काटा बघितला.

"केशर, खातीस काय तू?"

"पेज," केशर म्हणाली.

"आनि?"

पुतळी ह्याच प्रश्नाची वाट बघत होती. लगबगीनं देवापाशी गेली आणि घुटीच्या चमच्यासकट डबा आणून सिस्टरच्या हातात दिला. आपणही लेकीसाठी काही केलं, हे कुणीतरी शिकल्यासवरल्यानं बघावं असं तिला फार वाटत होतं.

सिस्टरनी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. "चांगला हाय की. साय काढलेल्या दुधाची भुकटी, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, साखर. वासाला कोको, आनि जरा व्हिटॅमिन."

"दूध?" पुतळीला वाटलं बाई थट्टा करतात. "डब्यात दूध?"

"सुकवलेलं."

"आनि शेंगदाणा बी? आगं बाई! मग ह्यो डबाच पथ्य मोडतोय म्हणायचं!"

"कसलं पथ्य, पुतळाक्का?"

पुतळीनं सांगितलं. एक एक करून सगळं, काय काय बंद केलं ते. सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता, तो शेवटाकडे येईतो कुठेतरी गळून पडला, कारण सिस्टर डबा मांडीवर ठेवून उंबऱ्यावर खाली बसल्या होत्या.

"पुतळाक्का," त्या म्हणाल्या, "हे औषध न्हवं, हे खाणं हाय. ज्याला जेवण जात न्हाई, गिळवत न्हाई, त्याला डबा बरा. वाईट न्हाई त्यो. पन डब्यात जे हाय ते तुमच्या गोठ्यात हाय आनि माळ्यावर हाय. पेलाभर दूध आनि मूठभर दाणं दिलं असतं तर डबा लागलाच नसता. आनि तुमी घातलं किती? ह्या घुटीच्या चमच्यानं? हितं लिवलंय, मोठं तीन चमचं. दुधातनं घ्यायचं."

"दुधातनं," पुतळी म्हणाली.

पार्सलबाबूंच्या घरातला पेला तिच्या डोळ्यांसमोर आला. काठोकाठ पांढरा. रोज सकाळी ती स्वतःच तो भरत होती. तिच्या म्हशीचं, तिनं कोसभर वाहून नेलेलं दूध पिऊन ती सून गोलमटोल झाली, आणि पुतळी दारात उभी राहून नुसता चमचा बघत राहिली.

"पोरगी हाताला लागंल न्हवं?" तिनं विचारलं.

"आजपास्नं खायला घाला. पोटाला मिळालं की केशर उभी राहील. पोरीला सारखं पाजत ऱ्हावा, दूध वाढंल. मी पुढच्या सोमवारी परत येते वजन करायला."

त्या संध्याकाळी पुतळीनं धार काढली आणि सगळं दूध चुलीवर ठेवलं. पोतं माळ्यावरून ओढताना तिची कंबर मोडून आली, पण हाक मारायला कोण होतं? शेंगा फोडल्या, दाणे भाजले. उद्या क्वार्टरातली माणसं कोरा चहा पितील, पिऊ देत. मोठा पेला भरून तिनं केशरच्या हातात दिला आणि दाण्यांची वाटी समोर सरकवली.

केशरनं पेला तोंडापाशी नेला आणि थांबली. "पथ्य?"

"संपलं पथ्य. पी."

केशर प्यायली. हावरटासारखी, श्वास न घेता प्यायली. मग दाणे खाऊ लागली. मांडीवरची पोरगी छातीला लागली होती, थांबत थांबत ओढत होती. वाटी अर्धी झाली तशी केशरचा हात मंदावला. ती चुलीकडे बघत राहिली.

"आये," ती म्हणाली, "मागल्या खेपंला कान्हूची मुळी दिलीवतीस नि असंच पथ्य धरलंवतंस तवा, म्हस दूध देत व्हती न्हवं?"

पुतळीच्या हातात शेंग होती. ती न फोडताच तिनं खाली ठेवली. खोटं बोलायला अंगात बळ लागतं, तेवढंही आता तिच्यात उरलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "देत व्हती."

केशरनं पोरीला ह्या बाजूवरून त्या बाजूला घेतलं आणि वाटीत हात घातला. पुतळी उठली, रिकामा पेला उचलला आणि पुन्हा भरून आणला.